वाचनालयात वाइन

घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी ‘क’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे संगणक एकच. ग्रंथपाल ताई तो वापरतात, शिपाई मामा पुसतात, कार्यवाह अण्णा ‘माझ्या कारकिर्दीत आला’ असं येईल त्याला सांगतात आणि अध्यक्ष गुरुजी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, त्याच्यापासून चार हात लांब बसतात. २०२५च्या नवरात्रात या संगणकाच्या पडद्यावर सारखी एक इंग्रजी सूचना येऊ लागली. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा पाठिंबा संपणार, असा तिचा अर्थ ताईंनी कार्यकारिणीच्या सभेत सांगितला.

“पाठिंबा काढला?” अण्णा म्हणाले. “मग सरकार पडलंच म्हणायचं.”

सभा हसली, पण अण्णा थट्टा करत नव्हते. चौदा तारखेला संगणक आपोआप बंद पडणार अशीच त्यांची समजूत झाली होती. खरं तर पाठिंबा संपला तरी संगणक चालतोच. त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेच्या पळवाटा बुजवायला कंपनी आपणहून येत नाही, इतकंच. पण एवढं सांगणारं सभेत कुणी नव्हतं, आणि अण्णांच्या तोंडून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत पोचते.

गावातल्या संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने डबा उघडून पाहिला आणि सांगितलं, याच्यावर विंडोज ११ बसणार नाही, त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा नाहीतर त्यापुढचा प्रोसेसर लागतो.

“आठवी पिढी?” गुरुजी म्हणाले. “त्यासाठी त्र्यंबकेश्वरला जाऊन वह्या काढाव्या लागतील.”

दुरुस्तीवाल्यापाशी दोन तोडगे होते. एक, नवा संगणक घ्या. दोन, पाचशे रुपये द्या, जुन्यावरच कसंतरी ‘ओरिजिनल’ टाकून देतो. दुसरा तोडगा अण्णांना पटला, कारण आधीचं विंडोजही असंच पाचशे रुपयांत, पावती न मागता आलं होतं. मग गुरुजींनी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. हिंजवडीत नोकरी करणारा, हुशार मुलगा. तो म्हणाला, पैसे कशाला घालवता, लिनक्स टाका, पूर्ण फुकट आहे.

अण्णांचा चेहरा पडला. “फुकट? म्हणजे चोरीचं असणार. संस्थेची अब्रू आहे काही.”

पाचशे रुपयांची चोरी अब्रूदार आणि मोकळेपणाने वाटलेली वस्तू संशयास्पद, हा या सगळ्या प्रकरणातला खरा विनोद. त्याला मात्र कुणी हसलं नाही.

फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. भाचा रंगात आला. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या मुलाने १९९१मध्ये लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, तो सगळ्यांना उघडा करून दिला, आज तुमच्या प्रत्येकाच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. (इथे खजिनदार काकांनी खिशातला फोन काढून उलटा करून पाहिला.) या गाभ्यावर लोकांनी आपापल्या पसंतीच्या शेकडो प्रणाली रचल्या आहेत. डेबियन आहे, फेडोरा आहे, उबुंटू आहे. मी स्वतः आर्च वापरतो. त्यात सगळं आपल्या हाताने, एकेक आज्ञा टाइप करून बसवायचं. माणूस तयार होतो.

ताईंनी विचारलं होतं एवढंच की, यात दाखल नोंदवही उघडेल का.

अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याला राहवेना. “ताई, टाकायचंच तर काली टाका. सगळे हॅकर तेच वापरतात.”

खजिनदार काकांनी नकळत हात जोडले. नवरात्राची पाचवी माळ, सभेत विषय संगणकाचा, आणि नाव निघावं कालीचं! याहून मोठा कौल कोणता? काली लिनक्स हे २०१३मध्ये आलेलं, संगणकांची सुरक्षा तपासणाऱ्या जाणकारांसाठीचं हत्यार आहे आणि नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये असं ते बनवणारेच सांगतात, हे त्या मुलालाही ठाऊक नव्हतं; त्याने व्हिडिओत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावताना पाहिली होती. काकांनी घटस्थापनेचं हळदकुंकू मागवून पडद्याच्या कोपऱ्याला बोटं लावली. भाचा पलीकडून ओरडत होता, “मामा, काली नको, काली अजिबात नको!” आणि काका गुरुजींकडे पाहत होते की, तुमच्या घरात ही भाषा कधीपासून?

तोवर ताईंना मुद्दा आठवला. वर्गणी आणि विलंबशुल्काचा हिशेब करणारा एक जुना प्रोग्राम होता, कुणा सभासदाच्या मुलाने कधी काळी करून दिलेला. तो फक्त विंडोजवर चालायचा. त्याचं काय?

“सोपं आहे,” भाचा म्हणाला. “वाइन टाका, चालेल.”

सभेत शांतता पसरली. वाइन हा लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवून देणारा एक प्रोग्राम आहे. पण ते सांगण्याआधी फोनची रेंज गेली आणि अण्णांनी इतिवृत्ताची वही ओढली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. ठराव क्रमांक सहाखाली त्यांनी लिहिलं: ‘वर्गणीचे काम सुरळीत चालण्यासाठी वाइन टाकावी अशी सूचना अध्यक्षांच्या नातेवाइकांकडून आली. सभेने तिचा तीव्र निषेध केला.’ गुरुजी म्हणाले, काहीतरी गफलत होतेय, उद्या विचारून घेऊ. अण्णा म्हणाले, जे झालं ते लिहिलं.

२०२२मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायच्या सरकारी निर्णयावरून राज्यभर जो गदारोळ झाला, तेव्हापासून गावाचे कान तसे तिखट झालेलेच होते. आता वाइन वाचनालयात? गावाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. महिला मंडळाचं निवेदन आलं. एका सज्जनाने मुलाचं सभासदत्व रद्द करून अनामत परत मागितली. आणि तीन नवीन सभासद झाले, त्यांनी वर्गणी भरताना काउंटरखाली वाकून पाहिलं.

भाच्याला झाला प्रकार कळला तेव्हा त्याला वाईट वाटलं. आर्चचा हट्ट सोडून त्याने लिनक्स मिंट घातलेला पेनड्राइव्ह कुरिअरने पाठवला. नवशिक्यांना सहसा हेच सुचवतात: २००६पासून चालत आलेलं, उबुंटूच्या पायावर उभं, डाव्या कोपऱ्यात विंडोजसारखाच मेन्यू, आणि चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावरही चालणारं. त्यातल्या पडद्याच्या मांडणीचं नाव सिनॅमन, आणि भाच्याने धाडलेल्या, तेव्हाच्या ताज्या आवृत्तीचं झारा. मिंट, सिनॅमन, झारा अशी चिठ्ठी शिपाई मामांनी पाकिटावर वाचली आणि ताईंना विचारलं की, दिवाळी अंकांच्या वेळचा फराळ यंदा इथेच तळायचाय का.

फोनवर भाचा म्हणाला, “पेनड्राइव्ह लावा, त्यावरून संगणक चालू करा आणि वापरून बघा.” कोणती कळ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचं तेही त्याने सांगितलं. ताईंनी तसं केलं. स्वच्छ पडदा आला, खाली कोपऱ्यात मेन्यू आला. ताई खूश झाल्या आणि कामाला बसल्या. गावातल्या एका दिवंगत शिक्षिकेच्या घरून त्यांचा सगळा पुस्तकसंग्रह भेट आला होता. ताईंनी दिवसभर मान मोडून त्याच्या नोंदी केल्या. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, सगळं. मध्येच बंद केलं तर बिघडेल म्हणून जेवायलाही घरी गेल्या नाहीत. संध्याकाळी शिस्तीत संगणक बंद केला, पेनड्राइव्ह काढला, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

सकाळी पडद्यावर जुनं विंडोज हजर. पाठिंबा संपल्याच्या सूचनेसकट. नोंदींचा मागमूस नाही.

पेनड्राइव्हवरून चाललेली प्रणाली ही नुसती बघण्यापुरती असते. ती संगणकाच्या डिस्कला हात लावत नाही. केलेलं काम मेमरीत असतं आणि वीज गेली की तेही जातं. भाच्याने ‘वापरून बघा’ म्हटलं होतं, ताईंनी ते ‘वापरा’ असं ऐकलं. पण त्या क्षणी ताईंना एकच माणूस आठवला, रात्री शेवटी झाडून घेणारा.

“मामा, तुम्ही काल कोणती वायर ओढलीत?”

मामांनी गेली कित्येक वर्षं त्या वायरींना देवघरासारखं जपलं होतं. ते काही बोलले नाहीत. झाडू कोपऱ्यात ठेवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. अण्णा आले, त्यांनी ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य दोनदा म्हटलं. खजिनदार काकांनी तर निदानच केलं: कालीचं नाव घेऊन तिला परत पाठवलंत, दुसरं काय होणार?

अशा वेळी सिस्टर पुस्तकं बदलायला आल्या. ग्रामीण रुग्णालयातल्या या परिचारिका मूळच्या केरळच्या. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिच्यासाठी त्या दर आठवड्याला गोष्टींची पुस्तकं न्यायच्या आणि आधी स्वतः वाचायच्या. मराठी बोलताना त्यांच्या वाक्यात ‘तो’ आणि ‘ती’ जागा बदलत, पण पेशंटचं काही अडत नसे. बाकावर मामा, आत ताई, दोघांचे चेहरे पाहून त्यांनी विचारलं काय झालं. ताईंनी पेनड्राइव्ह दाखवला.

सिस्टरनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “हा लावून काम केला? मग बंद केल्यावर जाणारच. मामांचा काही नाही त्यात.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“शाळेत हाच होता ना आमच्याकडे. दहावीला परीक्षाच होती.”

केरळ सरकारने २००१मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांतले संगणक लिनक्सवर आणले. तिकडच्या खेड्यातल्या पोरांनी चित्रं काढली, पत्रं लिहिली, गुण मिळवले ते त्याच्यावर. हे अवघड असतं, हॅकरांचं असतं, माणूस तयार करणारं असतं, असं त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यामुळे सिस्टरना लिनक्सबद्दल काही मतच नव्हतं. त्यांच्या लेखी तो एक संगणक होता.

ताई आधी बाहेर गेल्या. बाकावर मामांच्या शेजारी बसल्या. काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही, पण थोड्या वेळाने समोरच्या टपरीवरून दोन कटिंग गेले आणि मामा झाडू घेऊन आत आले.

सिस्टरनी संगणकाला हात लावला नाही. खुर्ची ओढून ताईंच्या मागे बसल्या. “तुम्ही रोज करता ते करा. मी बघते.” ताई काम करू लागल्या आणि सिस्टर केसपेपरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहू लागल्या: दाखल नोंदवही. देवघेव. वर्गणीची पावती, छापील. जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला मेल. मराठी टायपिंग, इनस्क्रिप्ट. दुपारी जेवताना नाट्यगीतं. ताई म्हणाल्या, ते लिहू नका. सिस्टर म्हणाल्या, आवाज येतो का तेही बघायला पाहिजे.

मग पेनड्राइव्ह पुन्हा लावून कागदावरची एकेक ओळ तपासली. प्रिंटर सापडला, पावती छापली गेली. मेल गेली. इनस्क्रिप्टचा कळफलक सेटिंगमध्ये निवडल्यावर ताईंची बोटं आपोआप चालायला लागली; ती मांडणी सगळीकडे सारखीच. नाट्यगीत वाजलं.

दाखल नोंदवही उघडली आणि ताई किंचाळल्या. ओळीच्या ओळी अगम्य चिन्हं, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मधूनच पौंडाची खूण. अण्णा म्हणाले, चीनने हॅक केलं. काकांना तो मंत्र वाटला. भानगड साधी होती: जुन्या नोंदी युनिकोडमध्ये नव्हत्या. त्या काळी विकत घेतलेल्या एका फॉन्टवर त्या टाइप केल्या होत्या, आणि तो फॉन्ट नसेल तर कुठल्याही संगणकावर, अगदी नव्या विंडोजवरही, हाच मंत्र दिसला असता. नोंदी युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. त्यात ‘वर्ष’चं ‘वषर्’ झालं, ‘किरण’ची वेलांटी उडी मारून ‘क’च्या आधी जाऊन बसली, ते रफार आणि वेलांट्या ताई पुढचे दोन महिने फावल्या वेळात जागेवर आणत होत्या. या कामाला कुठल्याही प्रणालीत पळवाट नाही.

राहिला वर्गणीचा प्रोग्राम. तो वाइनमध्ये घालून पाहिला. उघडला, पण मराठी नावांच्या जागी चौकोन आले. सिस्टरनी विचारलं, “हा नक्की करतो काय?” ताईंनी सांगितलं: उशिराचे दिवस मोजतो, दराने गुणतो, वर्गणीत मिळवतो. सिस्टरनी लिब्रे ऑफिसच्या तक्त्यात एक सूत्र लिहिलं आणि खाली ओढलं. झालं. ज्या वाइनपायी महिला मंडळाचं निवेदन आलं होतं, ती लागलीच नाही.

भाच्याला फोन केला तेव्हा त्याचा आग्रह पुन्हा उचंबळून आला. मिंट ठीक आहे, पण फेडोरा घेतलंत तर सगळं जास्त ताजं मिळेल, आणि जमलं तर आर्च... सिस्टरनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही इथे रोज येणार का?”

“मी? नाही, पुण्याहून कसा...”

“मी पलीकडेच आहे. मला उबुंटू येतो, हा त्याच्यासारखा आहे. तर हा टाकते.”

दुरुस्तीवाल्याकडून नवी एसएसडी घेतली, दोन हजारांच्या आतबाहेर गेले. मिंट तिच्यावर बसवलं आणि जुनी डिस्क आहे तशी काढून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. काही राहिलंच असेल तर त्यातून काढता येईल. दुरुस्तीवाल्याला कामाचे रीतसर पैसे आणि आयुष्यात पहिल्यांदा या वाचनालयाकडून पावतीची मागणी मिळाली. तेव्हापासून तोही जुन्या यंत्रांवर मिंट टाकून देतो, असं ऐकतो. पाचशेच घेतो, पण आता ती मजुरी असते.

गडबडी संपल्या असं नाही. एकदा भाच्याने फोनवरून ताईंना टर्मिनल उघडायला लावलं आणि एक आज्ञा टाइप करून पासवर्ड बदलायला सांगितला. ताई टाइप करतात, पडद्यावर काही उमटत नाही. टिंब नाही, फुली नाही. कळफलक गेला असं ठरवून मामांनी बाजारातून नवा आणला. त्यावरही तेच. संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, “दिसत नाही, पण जातंय. तिथे तो मुद्दाम दाखवत नाही.” आणि खालच्या पट्टीवरची ढालीची खूण दाखवून म्हणाल्या, नवीन दुरुस्त्या इथून क्लिक करून घ्यायच्या, काळ्या खिडकीत जायचं कारण नाही. जादा कळफलक अभ्यासिकेतल्या मुलाला दिला. तो अजून व्हिडिओ बघतो.

फेब्रुवारीत जिल्ह्याहून तपासणी आली. साहेबांनी दाखल नोंदवही संगणकावर पाहिली, समाधान व्यक्त केलं आणि विचारलं, प्रणालीचं बिल कुठे आहे. बिल नाही म्हटल्यावर भुवया उंचावल्या. अण्णा घाईने म्हणाले, चोरीचं नाही साहेब, फुकट आहे. ते वाक्य अण्णांच्या तोंडून ऐकून गुरुजींनी खुर्ची संगणकाकडे जरा सरकवली.

“फुकट असली तरी नोंद कुठे आहे?” साहेबांनी विचारलं. ताईंनी भेट मिळालेल्या पुस्तकांचं पान उघडून तिथे दिवंगत शिक्षिकेच्या संग्रहाखाली एक ओळ वाढवली. किंमत शून्य. पुढचा रकाना होता देणगीदाराचं नाव आणि पत्ता. ताईंचं पेन थांबलं. हेलसिंकीच्या त्या मुलाचं लिहावं, तर त्याने गाभा केला. बाकीचं कितीतरी देशांतल्या हजारो माणसांनी. काका म्हणाले, सिस्टरचं लिहा. सिस्टर म्हणाल्या, मी फक्त टाकला.

“रकाना रिकामा चालणार नाही,” साहेब म्हणाले. मग ताईंनी ‘अनेक’ असं लिहिलं आणि साहेबांनी सही केली. पुढच्या सभेत अण्णांनी स्वतःहून आभाराचा ठराव मांडला, तो एकमताने मंजूर झाला, सुवाच्य अक्षरात पत्रही तयार झालं. पत्ता कोणता घालायचा ते ठरेना, तेव्हा त्यांनी त्याची एक प्रत सिस्टरच्या मुलीच्या पुस्तकात घालून दिली आणि दुसरी फाइलला लावली. ठराव क्रमांक सहा मात्र खोडायला ते अजून तयार नाहीत. इतिवृत्त एकदा कायम झालं की झालं.